टिपणीसराव

त्याचं खरं आडनाव वेगळंच आहे. ‘टिपणीस’ हे आमच्या डब्याने ठेवलेलं नाव. संध्याकाळच्या पुणे-लोणावळा लोकलला शिवाजीनगरला आधी त्याची एक पिशवी चढते, मग दुसरी पिशवी चढते, मग तो. मळवलीला उतरताना हाच क्रम उलटा. दोन्ही पिशव्यांत झेरॉक्स. इतिहासात पीएच.डी. चालू आहे, विषय, 1779 चा वडगावचा तह. घरापासून तीन स्टेशनांवर घडलेली गोष्ट शोधायला हा रोज पुण्याला जातो. प्रबंधाची एक ओळ अजून लिहून झालेली नाही, पण ‘लेखनपूर्व टप्पा’ जोरात आहे. हा शब्दही त्याचाच.

एकदा त्याने ग्रँट डफच्या इतिहासाचं एक पान माझ्या हातात दिलं. मूळ मजकूर कुठे आहे ते शोधायला मला चष्मा पुसावा लागला. महत्त्वाचं ते पिवळं, फार महत्त्वाचं ते गुलाबी, शंका हिरवी, निरसन निळं. निळं जवळजवळ नव्हतंच. बाकी पान जेजुरीच्या पायरीसारखं भंडाऱ्याने माखलेलं. समासात हिरव्या शाईत लिहिलं होतं, ‘हे कशावरून?’ त्याखाली गुलाबीत, ‘चांगला प्रश्न.’ त्याखाली पेन्सिलीने, ‘कोणी विचारला?’ तिन्ही ठिकाणी अक्षर एकच.

“काका, नुसतं अधोरेखन म्हणजे मान डोलावणं. टीप काढणं म्हणजे लेखकाशी भांडणं. आणि वाचलेलं आपल्या शब्दांत मांडता आलं नाही, तर ते कळलंच नाही असं समजायचं.”

मला पटलं. मुलगा चुकीचं कधी काही बोलत नाही, सगळा घोळ तिथेच आहे.

टिपा काढल्या की त्या कार्डांवर उतरतात आणि कार्डं चिक्कीच्या रिकाम्या खोक्यांत जातात. लोणावळ्याच्या शेजारी राहण्याचा हा एक फायदा. शेंगदाण्याच्या खोक्यात मराठी साधनं, काजूच्यात इंग्रजी, तिळाच्यात संकीर्ण. कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला आपल्या लोकांनी ‘इष्टूर फाकडा’ म्हटलं. त्या इष्टूरमधला ‘टू’ ऱ्हस्व की दीर्घ, यावर तिळाचं एक अख्खं खोकं भरलंय. शिवाय घरातल्या भिंतीवर आराखडा आहे. मधोमध ‘तह’, त्यातून बाण, बाणांतून उपबाण. आईने भिंत रंगवायची म्हटलं, तर हा दोन दिवस जेवला नाही.

वडील भातवाले. इंद्रायणी लावतात. ते एकदाच बोलले, पण मला विसरता येत नाही. “राब भाजावा लागतो, मान्य. पण रोप वाफ्यातच ठेवलं तर जून होतं, मग फुटवा येत नाही. तुझी लावणी कधी रं?” त्यावर याने राजवाड्यांचं नाव पुढे केलं. त्यांनी साधनं गोळा करण्यात आयुष्य घातलं, वगैरे. घातलं खरं. पण ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली छापून बाहेर आला आणि पुढे बावीस झाले. राजवाड्यांच्या प्रस्तावना लांबलचक असत, पण त्यांच्या पाठोपाठ खंडही येत. हे मी बोललो नाही. डब्यात संबंध टिकवावे लागतात.

मग गेल्या पावसाळ्यात तळेगाव सोडल्यावर गाडी थांबली. सिग्नल नाही, पंखे बंद, खिडकीतून झोड. पिशव्या वर रॅकवर, लोकांच्या गर्दीमागे. कोणीतरी सहज विचारलं, “काय रे, तुझं ते तहाचं नेमकं काय झालं होतं?” आणि तो हात मोकळे ठेवून बोलायला लागला.

मुंबईकर इंग्रज रघुनाथरावांना गादीवर बसवायला निघाले. फौज सुमारे 3900, आणि ओझ्याला बैल 19 हजार. घाट चढून आल्यावर दिवसाला दोन मैल चालायचं म्हणजे डोक्यावरून पाणी. पुढे मराठ्यांनी चारा जाळलेला, गावं रिकामी केलेली. 9 जानेवारीला तळेगाव गाठलं, तर तेही जळत होतं. पुणं अठरा मैलांवर, आणि साहेबांचं धैर्य तिथेच संपलं. 11 च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि माघारी फिरले. वडगावला महादजींनी कोंडलं, 16 तारखेला तह.

“म्हणजे हितंच?” शेंगदाणेवाला टोपली खाली ठेवून म्हणाला.

“इथंच. पुढच्या स्टेशनात.”

वीस मिनिटं पत्त्याचा डाव थांबला होता. एकही टीप न बघता त्याने सगळं सांगितलं होतं, ओळीने, कारणांसकट. मी न राहवून म्हणालो, “अरे, तुझे 19 हजार बैल वर रॅकवर आहेत. त्यांच्याशिवाय पोचलास की! आत्ता बोललास तेच घरी जाऊन लिही.”

तो गप्प झाला. गाडी हलली. वडगाव गेलं, कान्हे गेलं. कामशेतच्या अलीकडे त्याने खिशातून कोरं कार्ड काढलं, मी म्हणालेलं वाक्य शब्दशः उतरवलं, खाली तारीख घातली आणि समासात हिरव्या शाईत लिहिलं, ‘हे कशावरून?’

कार्ड तिळाच्या खोक्यात आहे. मी विचारून खात्री करून घेतली.