टेम्पो कशाला, स्कूटर आहे की!

नाशिकच्या मध्यमवर्गीय घरात ‘टेम्पो करू या का?’ असं विचारणारा माणूस एकतर जावई असतो, नाहीतर मुंबईहून आलेला. बाकीच्यांच्या मते दाराशी स्कूटर उभी असताना टेम्पोला पैसे देणं म्हणजे शुद्ध उधळेपणा. मग न्यायची वस्तू घरघंटी असो, शिलाई मशीन असो, नाहीतर इन्व्हर्टरची बॅटरी.

आमच्याकडे प्रश्न पाट्याचा होता. मामाने तिवंध्याजवळचा वाडा सोडला, सामान गंगापूर रोडच्या फ्लॅटवर गेलं, पण मोरीशेजारचा पाटा जागचा हलला नाही. तो जमिनीतच बसवलेला आहे अशी समजूत करून घेऊन हमाल निघून गेले होते. हमाल हुशार होते, असं माझं मत आहे. आपल्याकडचा काळा दगड घनफुटाला साधारण 80 किलो भरतो. दोन फूट लांब, फूटभर रुंद, तीन इंच जाड पाटा म्हणजे अर्धा घनफूट. म्हणजे 40 किलो, वरवंटा वेगळा.

‘‘मामा, टेम्पो बघू का?’’

‘‘एका पाट्याला टेम्पो? लोक हसतील. तू फक्त मागे बस.’’

सरदार ओढेकरांनी काळाराम मंदिर बांधलं तेव्हा दगड रामशेजहून आणवला. त्यांच्या पदरी माणसं होती. मामाच्या पदरी मी आणि जुनी चेतक.

पाटा मागे बांधायचा की पुढे ठेवायचा, यावर वाड्यातल्या उरल्यासुरल्या बिऱ्हाडांची सभा भरली. मागच्या चाकाच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल हातात असूनही नसल्यासारखं वाटतं. सभेतल्या कोणीतरी हे स्वानुभवाने सांगितलं. म्हणून पाटा पुढे, पाय ठेवायच्या जागेत गोणपाटावर आडवा ठेवला. तो दोन्ही बाजूंनी बाहेर आला. मामाने पाय पाट्यावर ठेवले, गुडघे कोपरांना लागले आणि ब्रेकचं पेडल दगडाखाली गेलं. पाटा इंचभर डावीकडे सरकवला, पेडल सुटलं. कापडी पिशवीतला वरवंटा माझ्या मांडीवर आला.

रविवार कारंजा, अशोक स्तंभ, मग सरळ. एरवी हा रस्ता मी डोळे मिटून जातो. त्या दिवशी त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मला मोजून दाखवण्यात आला. दगड आधी उचलला जाई, मग बसे, आणि त्यानंतर मामा ‘‘काही नाही, काही नाही’’ म्हणे. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या आजींनी वाकून पाहिलं आणि पाटा टाकीचा आहे की नवा, याची चौकशी केली. जुन्या पाट्याला टाकी द्यायला आता माणूस मिळत नाही, हे मामाने सिग्नल सुटेपर्यंत त्यांना समजावलं.

हे सगळं भाडं वाचवायला चालतं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. भाड्याची घासाघीस सुरू झाली की घरातलं कोणीतरी हमखास विचारतं, ‘‘पण हवाय कशाला? मिक्सर आहे की!’’ स्कूटरवरून नेताना हे कोणी विचारत नाही, कारण वस्तू ‘जाता जाता’ जात असते. मामाला तो प्रश्नच नको होता. पाटा आजीचा, तिच्या हाताने मधोमध खोलगट झालेला. दिवाळीत मामीने त्यावर लसणाची चटणी वाटली, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका ‘‘काम काढलंय का?’’ म्हणून विचारायला आले. तेव्हापासून तो बाल्कनीत आहे आणि त्यावर साबणाचा डबा असतो.

आपल्या दुचाकीला ओझं नवं नाही. चेतक आणि लूना, दोन्ही 1972 सालच्या, दोन्ही पुण्याच्या. लग्नाची पत्रिका वाटण्यापासून गव्हाच्या पोत्यापर्यंत सगळं त्यांनी ओढलं. टाटांचा छोटा हत्ती 2005 साली आला, तरी ही सवय गेली नाही. सगळ्यात जास्त प्रवास सिलिंडरने केला. आत 14.2 किलो गॅस, लोखंड धरून 30 किलोच्या घरात. लूनाच्या बाजूला आकड्याला लटकवलेला सिलिंडर आणि तोल सांभाळायला विरुद्ध बाजूला कललेले गृहस्थ हे दृश्य ज्याने पाहिलं नाही, तो या शहरात उशिरा आला असला पाहिजे. गंमत म्हणजे भरलेला सिलिंडर दुचाकीवरून नेण्याला गॅस सिलिंडर नियमावलीत सरळ मनाई आहे.

तेव्हा माझं ऐका. पाटा, घरघंटी किंवा बॅटरी गंगापूर रोडकडे न्यायची असेल, तर बाजार समितीत टोमॅटो उतरवून गिरणाऱ्याकडे रिकाम्या निघालेल्या पिकअपवाल्याला विचारा. त्याला परतीचं भाडं मिळेल, तुमच्या भाच्याची मांडी वाचेल. आणि सिलिंडर आणायला तर जाऊच नका. तो घरपोच देण्याचे पैसे त्याच्या किमतीतच धरलेले असतात.