किल्लेदार नवरा

कोकणात सुटीला येणारे नवरे ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिला हॉटेलातल्या गादीवरून उठत नाही. दुसरा सुरमईच्या थाळीवरून उठत नाही. तिसरा स्वतः पहाटे साडेपाचला उठतो आणि बायकोलाही उठवतो. हा तिसरा म्हणजे किल्लेदार.

बायको फक्त ‘दोन दिवस समुद्रावर जाऊ या’ एवढंच म्हणालेली असते. किल्लेदाराला त्यात ‘जलदुर्ग’ ऐकू येतं. तो तत्परतेने अलिबागचं बुकिंग करतो. खोलीतून समुद्र दिसतो की नाही, हे तो विचारत नाही. कुलाबा, रेवदंडा, कोर्लई आणि जंजिरा एका रस्त्यावर येतात, एवढं त्याला पुरतं.

वय पन्नाशीच्या आसपास. नोकरी बँकेत किंवा एखाद्या सरकारी खात्यात, जिथे आयुष्यभर कुणी त्याचं ऐकून घेतलेलं नाही. अंगात गुडघ्यापर्यंत खिसे असलेली पँट, गळ्यात दुर्बीण, पाठीला सॅक. सॅकमध्ये इतिहासाची जाडजूड पुस्तकं, बॅटरी आणि सुताराकडे असते तशी मोजायची टेप. तटाची रुंदी तो स्वतः मोजल्याशिवाय मान्य करत नाही. टेपचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं वहिनींच्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण सप्तपदीत हे आठवं पाऊल होतं हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, अशी वहिनींची तक्रार आहे.

याला सुरुवात करायला किल्लाही लागत नाही. नाश्त्याची ऑर्डर घ्यायला आलेल्या पोऱ्याला तो आधी विचारतो, “तुमच्या गावात चुंबकीय वेधशाळा आहे, माहीत आहे?” मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्या विजेने उपकरणं बिघडणार, म्हणून तिथल्या कुलाब्याची ही वेधशाळा 1904 साली अलिबागला कशी आली, हे सगळं सांगून होतं. पोऱ्या इथलाच. त्याने हे अशा अनेक किल्लेदारांकडून ऐकलेलं असतं. तो शांतपणे म्हणतो, “हो काका. मिसळ की पोहे?”

चौल-रेवदंड्याला गाडी थांबते. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांतून डोकावणारे पोर्तुगीज तटाचे, चर्चचे पडके तुकडे एवढंच दिसतं. किल्लेदाराला मात्र अख्खं बंदर दिसतं, गलबतांसकट. “इथे पंधराव्या शतकात निकितीन नावाचा रशियन व्यापारी उतरला. वास्को द गामाच्या आधी! कळतंय का तुला?”

“बायकोला आणलं होतं का त्यानं?” वहिनी विचारतात.

“छे गं, व्यापाराला आला होता तो.”

“नशीब काढलं बाईनं.”

कोर्लईला तो आणखी रंगात येतो. कुंडलिकेच्या मुखावर डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली, तिच्या पाठीवर किल्ला. तो चढताना किल्लेदाराला दम लागतो, पण तोंड थांबत नाही. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच बोली बोलतात, हे तो बायकोला वीस मिनिटं समजावतो. खाली उतरल्यावर तो त्या बोलीतला एखादा शब्द कानावर पडावा म्हणून चर्चच्या दिशेला कान लावून उभा राहतो. तेवढ्यात वहिनी एका म्हाताऱ्या बाईशी मराठीतून गप्पा मारतात, सुक्या जवळ्याचा भाव पाडून घेतात आणि कालवण कसं करायचं तेही विचारून येतात. पोर्तुगीज साम्राज्याशी झालेला त्या दिवसाचा एकमेव यशस्वी व्यवहार तोच.

खरी परीक्षा जंजिऱ्याला. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलं, की किल्लेदाराचा चेहरा उतरतो. हा किल्ला कुणाला जिंकता आला नाही, ही गोष्ट तो मनाला लावून घेतो. महादरवाजाजवळ हत्तींना पंजात धरलेल्या वाघाचं शिल्प आहे, त्याच्याकडे तो खालमानेने बघतो. संभाजीराजांनी खाडीत भराव घालून थेट किल्ल्यापर्यंत वाट काढायचा प्रयत्न केला होता, त्याबद्दल तो कंत्राटदारासारखा हळहळतो. “आणखी थोडा वेळ मिळायला हवा होता गं. काम होत आलं होतं.” जंजिरा संस्थान 1948 साली भारतात विलीन झालं, हे सांगताना मात्र त्याचा आवाज चढतो. जणू सहीला हाच गेला होता.

इथे त्याला प्रतिस्पर्धी भेटतो, तो म्हणजे होडीवाला गाईड. गाईड कलालबांगडी तोफेची गोष्ट सुरू करतो. किल्लेदार दर वाक्याला “तसं नाही, तसं नाही” म्हणत दुरुस्ती करतो. बाकीची मंडळी आधी गाईडकडे, मग याच्याकडे, मग घड्याळाकडे बघतात. शेवटी गाईड हात जोडतो, “साहेब, पुढची खेप भरायचीय. तुमचा इतिहास जरा भराभर घ्या.” त्यावर किल्लेदार दुखावतो आणि परतीच्या होडीत कुणालाही काही सांगत नाही. हाच सुटीतला एकमेव तास, जेव्हा वहिनींना समुद्राचा आवाज ऐकू येतो. पण लांबवर पद्मदुर्ग दिसतो आणि याला राहवत नाही. “तिथले दगड खाऱ्या वाऱ्याने झिजलेत, पण दोन दगडांमधला चुना तसाच उभा आहे!” वहिनी नुसत्या हसतात. दगड कोण आणि चुना कोण, हे त्या बोलत नाहीत.

कुलाबा किल्ला जवळचा, म्हणून शेवटी ठेवलेला. त्या दिवशी संकष्टी. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, म्हणून वहिनी सकाळीच निघू या म्हणतात. किल्लेदार ऐकत नाही. “उन्हं उतरू देत. फोटोला प्रकाश चांगला मिळतो.”

तीन वाजता दोघं किनाऱ्यावर. ओहोटीला जिथून लोक चालत जातात, घोडागाड्या धावतात, तिथे भरगच्च समुद्र. घोडे सावलीत हरभरा खात उभे. पण श्रोता समोर आणि किल्ला नजरेच्या टप्प्यात, एवढं असल्यावर किल्लेदाराचं काय अडणार? तो तिथूनच सुरू करतो. 1680 साली महाराजांनी याचं काम काढलं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच आरमार हाकलं. “आणि 1721 ला इंग्रज आणि पोर्तुगीज, दोघं एकत्र चालून आले. तोफा, जहाजं, हजारो माणसं. तरी आत पाऊल टाकता आलं नाही!”

“मग आपल्या दोघांना कसं जमेल?” उपाशी वहिनी विचारतात. आणि मग त्या हिशेब मांडतात. त्यांचं माहेर कोकणातलं, त्यामुळे हे त्यांना पाढ्यांबरोबरच आलेलं. “आज चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. उद्या पंचमी, पावणेदहाला पाणी ओसरेल. तेव्हा या.” शेजारचा घोडागाडीवाला मान डोलावतो, “ताईंचं बरोबर आहे.”

साडेतीनशे वर्षांपूर्वीची तारीख तोंडपाठ आणि आजची तिथी माहीत नाही, अशी ही जात.

दुसऱ्या दिवशी स्वारी वहिनींच्या हुकमाने निघते. किल्ल्यात दोन मोठ्या तोफा गाड्यांवर ठेवलेल्या आहेत. “या तोफांनी इंग्रजांची झोप उडवली!” किल्लेदार तोफेवर थाप मारतो. वहिनी चष्मा लावून तिच्यावरची अक्षरं वाचतात. “अहो, इथे यॉर्कशायर लिहिलंय.” किल्लेदार तातडीने तटाकडे वळतो. आणि तिथे मात्र तो खरंच ऐकण्यासारखं बोलतो. मोठमोठे दगड चुना न घालता नुसते एकमेकांवर बसवलेले. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो आणि तट उभा राहतो. वहिनी दगडांच्या फटीत बोट घालून बघतात. या खेपेला टेपचं टोक न सांगता धरतात.

महिनाभराने सोसायटीच्या भिशीत वहिनी हीच गोष्ट सांगताना सापडतात. फटी, लाटा, आंग्रे, 1721, सगळं बिनचूक. आपल्या समुद्रकाठचे निम्मे अवशेष लोकांच्या डोक्यात शिल्लक आहेत ते या कंटाळवाण्या माणसांमुळेच. नाहीतर आपण नारळपाणी पिऊन, दगडापुढे फोटो काढून परत आलो असतो.

तेव्हा तुमच्या घरात किल्लेदार असेल, तर त्याला बोलू द्या. बरोबर टोपी, पाणी आणि पोटभर संयम घ्या. फक्त निघायची वेळ कधीही त्याला ठरवू देऊ नका.