असीरगड चढताना काय खावे, काय प्यावे: नवशिक्यांसाठी

बऱ्हाणपूरहून इंदूर रस्त्याने वीसेक किलोमीटरवर असीरगड. पायथ्यापासून चढ साधारण अडीचशे मीटर. गाडीही बरीच वर जाते, पण हे कळलं की ट्रेक रद्द होतो. तेव्हा ग्रुपवर ही माहिती कुणी टाकू नये. ग्रुपवर विषय एकच असावा, डब्यात कोण काय आणणार. त्यावर आठवडाभर खल करून शेवटी सगळ्यांनी पुऱ्याच आणाव्यात.

'गडावर जायचं तर पोटभर खाऊन जा' असं घरातली मोठी माणसं म्हणतीलच. ते शब्दशः पाळावं. पहाटे पोहे, वर शेव, त्यावर मावा जिलेबी. बऱ्हाणपूरच्या नावाची ही जिलेबी रमजानात मुंबईकर गर्दी करून खातात, मग आपण गावात राहून एकावरच का थांबायचं? खव्याची, काळपट, पाकात मुरलेली ती वस्तू पोटात गेली की पहिल्याच वळणावर धाप लागते. धाप लागली की म्हणावं, "इथे हवा विरळ आहे." समुद्रसपाटीपासून सातशे मीटरवर हवा अशी विरळ होत नाही, हे गाईडभाऊला ठाऊक असतं. तो हसेल. हसू द्यावं.

बरोबर दराबाही घ्यावा. रवा, साखर आणि तूप फेटून फेटून केलेला हा पदार्थ उन्हात एक चमचा खाल्ला तरी जीभ टाळूला चिकटते. केळी मात्र नेऊ नयेत. सगळा जिल्हा केळीच्या बागांनी भरलेला, मग घरचंच फळ कोण मिरवणार? विकतचे एनर्जी बार न्यावेत. तरीही आईने केळी भरलीच, तर ती सॅकच्या तळाशी ठेवावीत. माथ्यावर पोचेपर्यंत त्यांचं शिकरण होतं, दूध तेवढं वेगळं न्यावं लागतं.

आता पाणी. सॅक जड होते म्हणून ते दुसऱ्याने आणावं, असं प्रत्येकाने ठरवावं. कुणी विचारलंच तर 'वर तलाव आहेत' असं ठासून सांगावं. आहेतच. एवढी शिबंदी पोसायची म्हणून फारुकी सुलतानांच्या या गडावर पावसाचं पाणी साठवायला तलाव होते. अकबराने १६०० साली वेढा घातला तेव्हा आत दाणापाण्याची ददात नव्हती. पण दाटीवाटीत रोगराई पसरली आणि जानेवारी १६०१ मध्ये गड त्याच्या ताब्यात गेला. त्या तलावाचं हिरवं पाणी ओंजळीने प्यायचं असेल त्याने ही हकीकत आधी वाचावी.

पाण्याच्या बाबतीत अकबर स्वतः भलताच काटेकोर होता. घरी असो की मोहिमेवर, तो गंगेचं पाणी पीत असे आणि ते मोहोरबंद घड्यांतून येई, असं अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय. आपल्याकडे दहा जणांत दोन बाटल्या, त्यातली एक कोल्ड्रिंकची. पुढे १६१५ च्या सुमारास रहीम खान-ए-खानानच्या अमदानीत सातपुड्यात झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, एकेक कुंडी ओलांडत, बऱ्हाणपुरात आणलं गेलं. तोच कुंडी भंडारा. म्हणजे डोंगराचं पाणी चारशे वर्षांपूर्वीच खाली गावात गेलं आणि आपण रिकामी बाटली घेऊन डोंगर चढतोय.

तहान लागेपर्यंत थांबावं, मग बाटली तोंडाला लावून एका दमात संपवावी आणि लगेच धावत सुटावं. पोटात होणारा डुचमळण्याचा आवाज बराच वेळ सोबत करतो. डोकं ठणकू लागलं की ओआरएसची पुडी आठवते. ती एक लिटर पाण्यात घालायची असं वर छापलेलं असतं. आपण घोटभर पाण्यात सबंध पुडी ढवळून पाहावी, म्हणजे दुसरा घोट घ्यायची इच्छा उरत नाही. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत साखर-मिठाच्या या पाण्याने असंख्य जीव वाचवले. त्यातलं माप महत्त्वाचं होतं, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. एवढीच ओळ या मार्गदर्शिकेत खरी धरावी.

माथ्यावर शंकराचं देऊळ आहे. तिथे अश्वत्थामा येऊन फूल वाहून जातो, असं इकडे सगळेच सांगतात. कपाळावरची जखम घेऊन तो रानोमाळ फिरतो आणि भेटेल त्याच्याकडे तेल मागतो. मागितलं तर नाही म्हणू नये, पुऱ्यांच्या डब्यात ते पुरेसं जमलेलं असतं.

गाईडभाऊ मात्र फडक्यातल्या दोन कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि कांदा काढून सावलीत बसतो. चढतानाही तो थोड्या थोड्या वेळाने दोन घोट घेतो आणि बाटली परत खांद्याला अडकवतो. त्याला नावं ठेवावीत. त्याच्याकडे हायड्रेशन पॅक नाही. उतरताना आपल्यातला कुणीतरी पायऱ्यांवर मट्कन बसतोच, तेव्हा सगळ्यांनी भाऊच्याच बाटलीकडे बघावं. तो देतो. पायथ्याला पोचल्यावर ठरलेले पैसे द्यायच्या आधी हापशावर जाऊन ती बाटली भरून द्यावी.