सोबतीला नाना

गृहकर्जाच्या कागदपत्रांच्या यादीत नानांचा उल्लेख कुठंच नसतो. तरी मुकुंदवाडीतलं पोरगं पहिल्या फ्लॅटच्या सह्या करायला बँकेत निघालं, की मोटारसायकलच्या मागच्या सीटवर नाना असतातच. चिकलठाणा एमआयडीसीतून निवृत्त झालेला, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं खोवलेला एक नाना इथल्या प्रत्येक गल्लीच्या वाट्याला आलेला आहे. चष्मा तेवढा घरी राहिलेला असतो. त्यामुळं बारीक अक्षरातला मजकूर ते बँकेच्या साहेबांकडूनच मोठ्यानं वाचून घेतात.

साहेब वाचत वाचत ८०,००० रुपयांच्या ओळीवर येतात. २५ लाखांच्या कर्जाला चिकटलेला विमा, एकरकमी हप्ता.

"हे कामून?" नाना.

"कंपल्सरी आहे."

नाना पेनाला टोपण लावतात. "कुणी केलं कंपल्सरी? रिझर्व्ह बँकेनं का विमा प्राधिकरणानं? तेवढं लेटरहेडवर लिहून द्या."

साहेब चहा मागवतात. या दोघांपैकी कुणाचाच तसा नियम नाही, त्यामुळं लेटरहेडवर अजून एक अक्षर उमटलेलं नाही. चहा मात्र बराच झाला.

मग नाना साहेबांचंच कॅल्क्युलेटर पुढं ओढतात. हप्ता कर्जातच मिळवला, तर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांत त्या ८०,००० चे १ लाख ६६ हजार होतात. "म्हंजे मरणाला बी व्याज लावलं की तुम्ही!" शेजारच्या काउंटरवरची गिऱ्हाइकंही आता आपापले कागद उलटून बघू लागतात.

इथपर्यंत पाहणाऱ्याला वाटावं, नाना विम्याचेच वैरी आहेत. पण बँकेचा जिना उतरला की तोफ पोराकडं वळते.

"तुझ्या पगारावर घरात किती ताटं वाढली जातात?"

पोरगं एकटं असेल, आई-वडील स्वतःच्या पेन्शनवर असतील, तर नाना त्याला सोडून देतात. उद्या काही झालंच तर फ्लॅट विकून कर्ज फिटेल, रस्त्यावर कुणी येणार नाही. पण बायको, दोन लेकरं आणि पगार एकच असं उत्तर आलं, की नाना रस्त्यातच त्याची कॉलर धरतात. साधा टर्म विमा घे, कर्जापेक्षा मोठ्या रकमेचा. बँकेचा विमा बहुधा कर्जाबरोबर उतरत जातो. कर्ज फिटेल, पण दुसऱ्या दिवशी दूध कशानं आणायचं? टर्मची रक्कम ठरलेली राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही गेलाय. पॉलिसी १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घेतली, तर ती रक्कम बायको-लेकरांची. देणेकऱ्यांना सहसा हात लावता येत नाही. पीएफ कापला जातो त्या कामगाराचा ७ लाखांपर्यंतचा विमा आधीच असतो, हेही नानाच सांगतात. कंपनीत इतकी वर्षं काढून निम्म्या लोकांना ते पहिल्यांदाच कळतं.

"पण नाना, टर्मचे पैसे परत मिळत नाहीत."

"मिळतात की. मरून बघतो का?"

खरी लढाई घरी असते. आई वास्तुशांतीची यादी करत बसलेली. "घर घ्यायलाय का तेराव्याची तयारी करायलाय?" नाना अजिबात डगमगत नाहीत. "वहिनी, होमात एवढं तूप घालता, त्यातलं कधी डब्यात परत आलं का?" आई गप्प बसते. पटलं म्हणून नव्हे. तूप यादीत लिहायचं राहिलेलं असतं.

गंमत अशी की नानांनी स्वतः कर्जाचा एक रुपया कधी घेतला नाही. कुणी दिलाच नसता. त्यांचं घर गुंठेवारीतलं, प्लॉट बॉण्डपेपरवर घेतलेला. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढली, तेव्हा कुठं नानांची फाइल हलली. आता कागद नियमित झाले आणि मुलानं वरच्या मजल्यासाठी कर्ज काढलं. जाताना बापाला नेलं नाही; "तुम्ही भांडता" म्हणाला. पुढच्या गल्लीतले नाना नेले. त्या नानांनी चष्मा सोबत नेला होता. सगळं वाचून त्यांनी पोराला सही करायला लावली. ८०,००० सकट.

नाना दोन दिवस जेवले नाहीत नीट. मग पॉलिसी कधी हातात आली, ती तारीख त्यांनी कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केली. न पटलेली पॉलिसी परत करायला ३० दिवस असतात. आज अर्ज लिहायला बसलेत, आणि चष्मा खरंच सापडत नाहीये.