निदान भेट

आमच्या कृषी विज्ञान केंद्रातले सर स्वतःची ओळख ‘मी एसएमएस आहे’ अशी करून देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, निरोप्याचं काम करत असतील. पुढं बारा वर्षांच्या ओळखीत कळलं की अंदाज फार चुकला नव्हता. एसएमएस म्हणजे विषय विशेषज्ञ. केंद्रात मंजूर पदं 16, त्यातले 6 हे विशेषज्ञ. कोणाचा विषय माती, कोणाचा कीड, कोणाचा जनावरं. आमच्या सरांचा विषय ‘विस्तार शिक्षण’. म्हणजे बाकीचे पाच जण जे सांगतात ते आम्ही का ऐकत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मंजूर पदांपैकी भरलेली किती, हे मात्र विचारू नये. कीटकशास्त्राची खुर्ची चार वर्षं रिकामी आहे आणि तिचा अतिरिक्त कार्यभार सरांकडंच आहे. त्यामुळं आम्ही का ऐकत नाही याचा अभ्यास करता करता ते आमच्या अळ्याही बघतात.

सरांना एक खोड आहे. जिथं जातील तिथं माणसं मोजतात. केंद्राला वर्षाचं उद्दिष्ट असतं: इतकी प्रशिक्षणं, इतकी प्रात्यक्षिकं, इतके लाभार्थी. माझ्या चुलत्याच्या दहाव्याला सर आले होते. कावळा शिवायला उशीर करत होता. मंडळी नदीकाठी ताटकळलेली. सरांनी तेवढ्यात बीजप्रक्रियेचा विषय काढला. आधी बुरशीनाशक, मग जिवाणू संवर्धक, मग सावलीत सुकवणं. कावळा शिवला तेव्हा सर रायझोबियमवर होते. निघताना त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढून सह्या घेतल्या. त्या महिन्याच्या अहवालात ‘गटचर्चा: 1, लाभार्थी: 83’ अशी नोंद आहे. 83 भटजी धरून.

ती पिशवीसुद्धा सरांच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग. ती दुकानातून आणलेली नसते. दरवर्षी विस्ताराच्या माणसांची वार्षिक कार्यशाळा भरते, तिथं मिळते. वर्ष, ठिकाण आणि बोधचिन्ह छापलेलं, आत वही, पेन आणि कोणी न वाचलेलं माहितीपत्रक. सर परत आले की आठ दिवसांत पिशवी कुठल्या तरी शेतकऱ्याच्या खांद्यावर दिसते. आमच्या गावात घटना सालावरून सांगत नाहीत. ‘हिरव्या पिशवीच्या वर्षी विहिरीला पाणी लागलं,’ असं म्हणतात.

या खेपेला कार्यशाळा नवरात्राच्या तोंडावर आली आणि सर माझ्या अंगणात येऊन म्हणाले, “दादा, यंदा तुम्हाला घेऊन जायचंय. तुम्ही माझी यशोगाथा आहात.”

आतून बायकोनं विचारलं, “कोण?”

तर मी यशोगाथा म्हणून गेलो.

केंद्राची बोलेरो, पुढं ड्रायव्हरमामा आणि सर, मागं मी आणि पोस्टरची गुंडाळी. सरांनी वाटेतच सादरीकरणाची तालीम सुरू केली. स्लाइड 42, वेळ 8 मिनिटं. तिसरी स्लाइड इतिहासाची. 1873 साली केंब्रिज विद्यापीठानं आपले प्राध्यापक गावोगाव व्याख्यानं द्यायला पाठवले, तिथून ‘विस्तार’ हा शब्द रुजला. 1903 साली टेक्सासमधल्या टेरेल गावात सीमन नॅप यांनी शेतकऱ्याच्याच रानात प्रात्यक्षिक घेतलं. 1974 साली पुदुच्चेरीला देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र निघालं, आज सातशेच्या वर आहेत. मामांना हे सगळं तोंडपाठ. ‘नॅप’ला सर अडखळले की मामा गिअर टाकता टाकता नाव पुरवतात. सहाव्या स्लाइडवर रॉजर्स आले. हे सरांचं कुलदैवत. या अमेरिकन प्राध्यापकानं 1962 च्या पुस्तकात नवी गोष्ट स्वीकारण्याच्या वेगावरून माणसांचे पाच वाटे पाडले: अडीच टक्के धाडसी, साडेतेरा टक्के त्यांच्या पाठोपाठचे, मग 34 टक्के, पुन्हा 34 टक्के, आणि शेवटी 16 टक्के मागं राहणारे. सरांनी आमचं अख्खं घर यात बसवलंय. मी साडेतेरामध्ये, बायको पहिल्या चौतिसात (‘आधी शेजारणीचं बघते’), वडील सोळामध्ये.

“वडिलांचं वाईट वाटून घेऊ नका,” सर मागं वळून म्हणाले. “रॉजर्सचे स्वतःचे वडील शेतकरी होते. मक्याचं संकरित बियाणं पेरायला तयार नव्हते. 1936 च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला आणि शेजाऱ्याचा उभा राहिला, तेव्हा ऐकलं.”

एवढा मोठा शास्त्रज्ञ घरात जन्माला येऊनही बापाला पटायला दुष्काळ लागला, हे ऐकून मला बरं वाटलं. सर कोणत्या टक्क्यात, हे मी विचारलं नाही. आमच्या बत्तीस गटांच्या मातीचा सामू त्यांना पाठ आहे. माती परीक्षण केल्याशिवाय खताचं पोतं फोडू नका, असं गावागावात ओरडून सांगतात. स्वतःच्या रक्तातली साखर तपासायला मात्र तीन वर्षं वेळ मिळालेला नाही. घरून वहिनींचा फोन आला की बोलेरोतला आवाज एकदम खाली येतो. “नाही गं, गोड काही नसतं तिथं.”

कार्यशाळा महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा अशा तीन राज्यांची. ‘अटारीहून साहेब येणार’ असं सर सारखं म्हणत होते, त्यामुळं मी वाघा सीमेवरचा कोणी फौजी अधिकारी येणार म्हणून बटणं लावून बसलो. अटारी हे पुण्यातल्या संस्थेचं नाव निघालं, तिन्ही राज्यांच्या केंद्रांवर देखरेख करणारी. माझ्या छातीवर बिल्ला लागला, ‘शेतकरी (प्रगतिशील)’. आयुष्यात पहिल्यांदाच मी कंसात काही तरी झालो.

उद्घाटनाबद्दल काय सांगावं! व्यासपीठावर अकरा जण. हार-गुच्छ बंद करून रोप देण्याची प्रथा आहे, ती चांगलीच. पण अकरा रोपं, अकरा शाली आणि प्रत्येक रोपाचा फोटो. विद्यापीठगीत झालं, दीप लागला, पंख्यानं विझला, पुन्हा लागला, पंखा बंद झाला, लोक घामाघूम झाले. पाच पुस्तिकांचं प्रकाशन झालं. प्रत्येक वक्त्यानं सुरुवातीला व्यासपीठावरच्या दहा जणांची नावं पदांसह घेतली आणि शेवटी वेळेअभावी थांबत असल्याचं सांगितलं.

मी शेजारी पाहिलं तर सर नव्हते. आमच्या गावच्या प्रशिक्षणात मागं बसणाऱ्याला सर नाव घेऊन पुढं आणतात. ‘मागं बसून विकास होत नसतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथं ते शेवटच्या रांगेत, खिडकीजवळ, मोबाइल चार्जिंगला लावून बसले होते. नुसते सरच नाहीत. ती अख्खी रांग तीन राज्यांतल्या विस्तारतज्ज्ञांनी खच्चून भरली होती आणि पहिल्या चार रांगा मोकळ्या. बाहेरच्या चहाची चाहूल लागली की रांग हलायची, अगदी आमच्यासारखी. एकानं तर मला विचारलं, “जेवायला काय आहे कळलं का?”

जेवणात जिलबी होती. सरांनी तीन घेतल्या. एकीवर प्रात्यक्षिक, दोन तुलनेसाठी.

सोयाबीनची उगवणक्षमता घरी कशी तपासायची, हे सरांनीच आम्हाला शिकवलंय. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सहा-सात दिवसांनी उलगडायचे, 70 कोंब आले तर बियाणं पेरायला चांगलं. जेवणानंतरच्या सत्रात मी सभागृहावर तीच नजर फिरवली. पहिल्या पंधरा मिनिटांत उगवण 60 टक्के, अर्ध्या तासात 35. त्यात सर नव्हते.

त्यांचा नंबर चार वाजता लागला. सकाळचे सत्कार कुठं तरी भरून काढायचे होते, म्हणून आठाची पाच मिनिटं झालेली. हा माणूस गावात झाडाखाली उभा राहिला की तासभर हलू देत नाही. बोंड फोडून अळी तळहातावर ठेवतो, ‘बघा, ही रात्री तुमच्याआधी जेवते’ म्हणतो, म्हाताऱ्यांना हसवतो. तोच माणूस माइकसमोर इंग्रजीत शिरला आणि माझ्या ओळखीचा राहिला नाही. केंब्रिज गेलं, टेक्सास गेलं, पुदुच्चेरीच्या वेळी घंटा वाजली. मग सर अडत्यासारखे सुटले. पुढची स्लाइड, पुढची, पुढची. तेवढ्यात पडद्यावर मी आलो. तुरीत उभा, बायको शेजारी, दोघंही उन्हानं डोळे बारीक केलेले. बदनापूरचं बीडीएन-711, दोनदा शेंडे खुडणी, एकरी 7 क्विंटल, खर्च-उत्पन्नाचं गुणोत्तर 1:2.64. ते आकडे बघून मला वाटलं, हा इसम खाऊनपिऊन सुखी दिसतो, याच्याकडून दिवाळीपर्यंत थोडे उसने मागावेत.

“शेतकरी स्वतः उपस्थित आहेत,” असं सर म्हणाले. मी उठून नमस्कार केला. दुसरी घंटा वाजली.

प्रश्न विचारायला एक निवृत्त साहेब उभे राहिले. “माझा प्रश्न नाही, सूचना आहे,” म्हणून त्यांनी सहा मिनिटं आपल्या काळातली सायकल, कंदील आणि चित्रपट दाखवायची गाडी सांगितली. आमच्या काळात विस्तार होता, आता नुसते अहवाल आहेत, असा एकंदर सूर. सर हात बांधून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “सूचना नोंदवून घेतली आहे सर.” या वाक्याइतकं काम करणारं बुरशीनाशक अजून निघालेलं नाही. कुठलीही गोष्ट त्यानंतर वाढत नाही.

खरी कार्यशाळा भरली ती रात्री, अतिथीगृहाच्या जिन्यावर. दिवसा सभागृहात एकही प्रात्यक्षिक फसलेलं नव्हतं. रात्री जिन्यावर एकही धड पार पडलेलं निघेना. विदर्भातल्या एका मॅडमनी रुंद वरंबा सरीचं यंत्र एका गावाला वापरायला दिलं होतं. तीन महिन्यांनी आणायला गेल्या तर त्यावर कुरडया वाळत घातलेल्या. म्हातारी म्हणाली, एवढं वाळवण झालं की न्या. गुजरातच्या भाईंचं गांडूळखताचं प्रात्यक्षिक कोंबड्यांनी एका दुपारीत संपवलं आणि शेतकऱ्यानं कोंबड्यांचं वजन वाढल्याचं कौतुकानं कळवलं. गोव्याचे सर शांतपणे म्हणाले, “आमच्या प्लॉटाला आमच्याआधी माकडं भेट देतात.” मराठी, हिंदी, गुजराती, कोकणी सगळं एकात एक मिसळलं होतं आणि मला शब्द न् शब्द कळत होता. दिवसभरात पहिल्यांदाच.

मग आमचे सर बोलले. गोणपाटाची चाचणी त्यांनी एका गावात नऊ वर्षं सांगितली. कोणी करेना. 2020 च्या जूनमध्ये ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही, ओरड झाली, पंचनामे झाले. पुढच्या उन्हाळ्यात सर त्या गावात गेले, तर दारोदार ओली गोणपाटं गुंडाळून ठेवलेली. “माझ्या डोळ्यात पाणी आलं हो. विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला हे? म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. दाखवा म्हटलं. तर ते माझंच पत्रक. खालचं नाव तेवढं कापलेलं.”

जिना खदखदून हसला. सर सगळ्यात जास्त हसले.

मी तीन पायऱ्या खाली बसलो होतो. ते गाव आमचंच. गावच्या गटात ते पत्रक टाकणारा मी. फोटो मावेना म्हणून खालच्या दोन ओळी कापल्या होत्या. मी आणखी एक पायरी खाली सरकलो.

दुसऱ्या दिवशी समारोप, प्रमाणपत्रं, समूहछायाचित्र. त्यात मी उजवीकडून शेवटचा, अर्धा.

परतताना सरांच्या पायात अजून पॉलिश केलेले बूट होते. हमरस्ता सोडल्यावर एका कपाशीशेजारी त्यांनी एकदम “मामा, थांबवा” केलं. मला वाटलं, जिलबी भोवली. सर उतरून थेट रानात घुसले, चिखलातून, आणि एक फूल तोडून आले. अर्धवट उमललेल्या गुलाबकळीसारखं, पाकळ्या मिटून चिकटलेल्या. डोमकळी. पाकळ्या सोडवल्या तर आत गुलाबी बोंडअळी, आरामात.

बांधावरून शेतकरी आला. नवरा-बायको दोघंही आले. त्यानं सरांना बुटापासून बिल्ल्यापर्यंत न्याहाळलं.

“कुठल्या कंपनीचे?”

“कंपनीचा नाही. विद्यापीठाचा.”

“मग काय विकता?”

“काही नाही.”

माणूस जरा मागं सरकला. काहीच विकत नाही म्हणजे नक्की मोठं काही तरी विकणार. पण सरांनी अळी त्याच्या बायकोच्या तळहातावर ठेवली आणि रात्री ही तुमच्याआधी जेवते म्हणाले, आणि ती हसली. मग पाऊण तास गेला. अशा कळ्या तोडून नष्ट करायच्या, एकरी दोन कामगंध सापळे लावायचे, पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा. सरांनी कार्यशाळेच्या कोऱ्या वहीचं पहिलं पान फाडून सगळं मराठीत लिहून दिलं. पलीकडच्या बांधावरचा शेळ्यावाला पोरगा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

“पिशवी झकास आहे तुमची,” शेतकरी म्हणाला.

सरांनी पिशवी रिकामी केली. प्रमाणपत्र, पेन, बिल्ला आणि माहितीपत्रक काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पिशवी त्याला दिली. यंदाची निळी होती.

बोलेरो सुरू झाली. सरांनी खिशातून डायरी काढली आणि लिहिलं, ‘निदान भेट: 1, लाभार्थी: 1’. थोडं थांबले. बाई आठवल्या, 1 चे 2 केले. मागच्या काचेतून शेळ्यावाला पोरगा दिसत होता. 3. मग त्यांनी मामांकडं पाहिलं. मामा समोर बघत गाडी चालवत होते, तरी ऐकलं तर त्यांनीही होतंच. 4.

मग मान वळवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. मी मागच्याच महिन्यात मोजलेला होतो.