मेपल लीफ्सचा सामना घरबसल्या पाहण्याची रीत

मिसिसागा, जानेवारी 2026

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,


टोरांटो मेपल लीफ्स हा बर्फावरची हॉकी खेळणारा व्यावसायिक संघ आहे. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, 1917 मध्ये सुरू झाली तेव्हापासून टोरांटोचा संघ तिच्यात आहे. मेपल लीफ्स हे नाव मात्र 1927 पासूनचे. सध्या लीगमध्ये 32 संघ आहेत आणि साखळीत प्रत्येकाच्या वाट्याला 82 सामने येतात. ऑक्टोबर ते एप्रिलचा मध्य असा हा हंगाम. नेमका याच काळात कॅनडातला शहाणा माणूस कामाशिवाय घराबाहेर पडत नाही. त्यातून तिकिटाचा भाव एकदा विचारला की मराठी कुटुंब मुकाट्याने टीव्हीसमोर येऊन बसते.

हॉकीपटू धनराज पिल्ले ज्या खडकीचा, त्या खडकीत हयात घालवलेले गृहस्थ येथवर वाचूनच हरकत घेतात की, बर्फावर घसरत खेळतात ती हॉकी नव्हे. हरकतीची नोंद करावी आणि पुढे जावे. कॅनडाचे मत नेमके उलट आहे, आणि टीव्ही कॅनडातला आहे.

सामना पाहण्यातले सर्वांत अवघड काम म्हणजे तो कुठे लागला आहे हे शोधणे. एके काळी हा प्रश्नच नव्हता. ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा शनिवार रात्रीचा कार्यक्रम 1952 पासून सीबीसी या सरकारी वाहिनीवर आहे. त्याआधी तो रेडिओवर होता. शनिवार आला, सीबीसी लावले, संपले. मग 2013 मध्ये रॉजर्स कंपनीने लीगचे राष्ट्रीय प्रक्षेपणहक्क 12 वर्षांसाठी सुमारे 5.2 अब्ज कॅनेडियन डॉलरना घेतले. ती मुदत चालू हंगामाबरोबर संपते. पुढच्या 12 वर्षांचे हक्कही त्याच कंपनीने 11 अब्जांना घेऊन ठेवले आहेत. एवढी रक्कम वसूल करायची तर सामने एका ठिकाणी ठेवून भागत नाही, ते ठिकठिकाणी वाटावे लागतात.

म्हणून फ्रिजवर लावलेले वेळापत्रक पंचांगासारखे वाचावे. वार, वेळ आणि योग तिन्ही जुळले तर सामना दिसतो. शनिवारचा सामना स्पोर्ट्सनेट वाहिनीवर असतो आणि बहुधा सीबीसीवरही. सोमवारचा इंग्रजी सामना 2024-25 पासून अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर गेला आहे. तो केबलवर शोधणाऱ्याला शेवटी कुठल्या तरी स्वयंपाकाच्या स्पर्धेतले स्पर्धक पाहत बसावे लागते. बुधवार स्पोर्ट्सनेटचा. उरलेल्या वारांचे, विशेषतः मंगळवार-गुरुवारचे, बरेचसे सामने ‘प्रादेशिक’ असतात. ते कधी स्पोर्ट्सनेट ऑन्टारिओवर, कधी टीएसएन 4 वर. पहिली वाहिनी रॉजर्सची, दुसरी बेलची, आणि या दोन कंपन्यांचे फोन, इंटरनेट, केबल अशा सर्व आघाड्यांवर वैर. तरीही 2012 पासून संघाच्या मालकीत दोघी भागीदार होत्या. जुलै 2025 मध्ये रॉजर्सने बेलचा 37.5 टक्के हिस्सा 4.7 अब्ज डॉलरना विकत घेतला आणि भागी मोडली. टीव्हीवरची वाटणी तेवढी शाबूत राहिली. प्रेक्षकाला दोन्हीकडे वर्गणी भरावी लागते, तीही शाबूत राहिली.

प्रादेशिक म्हणजे काय, हे ओटावात राहणाऱ्या मेहुण्याच्या उदाहरणावरून समजते. लीग प्रत्येक संघाला भूभाग आखून देते. ऑन्टारिओचा बहुतेक भाग लीफ्सचा. ओटावा आणि पूर्वेकडचा पट्टा सेनेटर्स या संघाचा. मेहुणा लीफ्सचा भक्त असला तरी पिन कोड सेनेटर्सचा असल्याने मंगळवारी साध्या वर्गणीत त्याच्या पडद्यावर सामन्याऐवजी दिलगिरीची सूचना येते. शनिवारचा सामना राष्ट्रीय असल्याने त्याला दिसतो. तेव्हा तो आठवड्याभराची भडास फोनवर काढतो. अशा माणसाला मिसिसागातून दर गोलाचा निरोप देणे हे पुण्याचे काम आहे, पण त्याच्या इंटरनेटपेक्षा आधी देऊ नये.

वर्गणी भरल्यावरही चित्र येईलच असे नाही. या घरात एका मंगळवारी अ‍ॅपने ‘तुम्ही या प्रदेशात नाही’ असे कुटुंबाला ठामपणे सांगितले. घर मिसिसागातच होते. कुटुंबप्रमुखाने एका कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि पहिला पिरियड, म्हणजे खेळाचा पहिला भाग, संपेपर्यंत सनईसारखे काहीतरी ऐकले. दुसऱ्या पिरियडला एका विनम्र आवाजाने राउटर बंद करून चालू करायला सांगितले. तोवर चिरंजीवांनी टॅबलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपला ठावठिकाणा पाहण्याची परवानगी देऊन टाकली होती आणि ते पलंगावर पडून सामना बघत होते. हे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अँटेना. सीबीसी हवेतून फुकट येते. खिडकीला चिकटवायचा एक पातळ चौकोन आणला की शनिवार सुटतो. घरातल्या आजींसाठी आणखी एक सोय आहे. 2008 मध्ये ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ पंजाबीतही सुरू झाले आणि 2014 पासून ते ओम्नी वाहिनीवर गेले. त्याचे निवेदक हरनारायण सिंग अल्बर्टातल्या ब्रूक्स गावचे. 2016 च्या अंतिम फेरीत पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल केला तेव्हा त्यांनी त्याचे आडनाव एका दमात इतक्या वेळा घेतले की ती चित्रफीत सगळ्या उत्तर अमेरिकेत फिरली. ज्या आजींना इंग्रजी समालोचनातले ‘गोल’ सोडून काही कळत नाही, त्यांना पंजाबी बरेचसे कळते. हिंदी मालिकांचे इतक्या वर्षांचे शिक्षण असे उपयोगी पडते.

चित्र आले की दुसरी अडचण. पक दिसत नाही. पक म्हणजे काळ्या रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, वजनाला क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित जास्त. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद पांढऱ्या बर्फावर ती ताशी दीडशे किलोमीटरने गेली की नवख्या प्रेक्षकाला गोल झाल्याचे भोंग्यावरून समजते. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने 1996 मध्ये यावर उपाय काढला होता. पकच्या पोटात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवून पडद्यावर तिच्याभोवती निळी आभा दाखवायची, आणि वेग ताशी 70 मैलांच्या वर गेला की मागे लाल शेपूट. जुन्या प्रेक्षकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली आणि 1998 नंतर तो प्रकार बंद झाला. हॉकी पाहणारा माणूस पकवर नजर ठेवतच नाही, खेळाडूंचे खांदे आणि स्टिक कुणीकडे वळतात ते पाहतो. पक मागाहून आपोआप सापडते. सुरुवातीला गोलरक्षकाकडे बघत राहावे. तो ज्या दिशेला सरकतो, पक तिकडे असते.

हल्ली नजर आणखी एका गोष्टीने चुकते. 2022-23 पासून मैदानाभोवतीच्या कठड्यावरच्या जाहिराती टीव्हीसाठी संगणकाने बदलतात. एखादी मोटार कठड्यावरून धावत जाते आणि कधी कधी तिच्यात एखाद्या खेळाडूचे कोपर गायब होते. त्यात प्रेक्षकाच्या चष्म्याचा दोष नाही. नवा नंबर काढू नये.

नियम थोडक्यात. गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू, 20 मिनिटांचे तीन पिरियड, मध्ये 18-18 मिनिटांची विश्रांती. खेळाडू पाऊण मिनिटाने बदलतात, तेही खेळ चालू असताना, कठड्यावरून उड्या मारून. यात कोणी रागावून निघून गेले असे समजू नये. पक निळ्या रेषेच्या आत जाण्याआधी हल्ला करणारा आत गेला तर ऑफसाइड. स्वतःच्या अर्ध्या भागातून पक थेट समोरच्या गोलरेषेपार भिरकावली तर आयसिंग. साध्या गुन्ह्याला दोन मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसायचे, तेवढा वेळ त्याचा संघ एकाने कमी खेळतो. समोरच्यांना मिळणाऱ्या या सवलतीला पॉवर प्ले म्हणतात, आणि तो चालू असताना कोपऱ्यातल्या गुणफलकावर उरलेले सेकंद दिसतात. त्या दोन मिनिटांत घरातल्या कोणी फोन उचलत नाही, भारतातला असला तरी.

मारामारीला पाच मिनिटे. पंच दोघांना लगेच सोडवत नाहीत, बाजूला उभे राहतात आणि एखादा खाली पडला की मग मध्ये पडतात. आजींना हे अजिबात पटत नाही. ‘एवढे शिकलेले पंच आणि बघत काय उभे राहतात’ हा प्रश्न त्या दर वेळी टीव्हीला विचारतात. त्यांचे मन रमते ते विश्रांतीत. तेव्हा झांबोनी नावाचे यंत्र येते, खरवडलेल्या बर्फाचा थर काढते, वर पाण्याचा पातळ हात देते आणि सगळे पुन्हा आरशासारखे चकचकीत करून सोडते. फ्रँक झांबोनी यांनी ते 1949 मध्ये कॅलिफोर्नियात तयार केले. एखादी कड सुटली की आजींच्या लक्षात येते. कढी गरम करायलाही हीच 18 मिनिटे पुरतात. पिरियड चालू असताना येणाऱ्या जाहिरातींच्या विश्रांतीत फक्त पापड भाजून होतात.

सामना हरल्यात जमा वाटला तरी टीव्ही बंद करू नये. शेवटची दोन-तीन मिनिटे उरली की मागे पडलेला संघ गोलरक्षकाला बाहेर बोलावतो आणि त्याच्या जागी सहावा आक्रमक पाठवतो. गोल मोकळा, अंगणात सगळे. बहुधा समोरचा संघ त्या रिकाम्या जाळीत पक टाकून विषय मिटवतो. पण 13 मे 2013 ला बॉस्टनमध्ये, साखळीनंतरच्या बाद फेरीतल्या सातव्या निर्णायक सामन्यात, लीफ्स तिसऱ्या पिरियडमध्ये 4-1 ने पुढे होते. बॉस्टनने एक गोल फेडला, मग शेवटच्या दीड मिनिटात गोलरक्षक काढून आणखी दोन केले, दुसरा तर 51 सेकंद उरले असताना. जादा वेळेत सामना 5-4 ने घेतला. टोरांटोतली चाळिशीतली माणसे आजही हे सांगताना आवाज खाली आणतात. 

लीफ्सच्या नावावर 13 स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदे, आहेत, पण शेवटचा 1967 चा, मॉन्ट्रियलला हरवून मिळवलेला. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते. त्यानंतर अंतिम फेरीसुद्धा नाही. गेल्या मे महिन्यातही फ्लोरिडाविरुद्ध दुसऱ्या फेरीचा सातवा सामना घरच्या मैदानावर 6-1 ने गेला. नवीन कुटुंबाने संघ निवडताना याचा विचार करायला हवा होता. परंतु चिरंजीवांनी शाळेतल्या पहिल्याच हिवाळ्यात 34 नंबरची, म्हणजे कर्णधार ऑस्टन मॅथ्यूजची, निळी जर्सी मागितली, आणि जर्सीची किंमत पाहता आता संघ बदलणे परवडणारे नाही. एक व्यावहारिक सूचना येथेच करावीशी वाटते. आईवडील मुलांकडे येताना थंडी चुकवून मे महिन्याचे तिकीट काढतात. हवा छान असते, पण तेव्हा लीफ्स खेळत असतील याची हमी कोणी देत नाही.

खडकीत बसून पाहणाऱ्यासाठी वेळेचे गणित असे. टोरांटोचा संध्याकाळी सातचा सामना सध्या पुण्यात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला सुरू होतो; शनिवारचा सामना म्हणजे रविवारची पहाट. 8 मार्चला येथली घड्याळे एक तास पुढे जातील, मग साडेचारला. संघ व्हँकुव्हरला गेला की सामना कधी कधी येथे रात्री दहाला लागतो, चिरंजीवांना झोपावे लागते आणि पुण्यात मात्र सकाळचे साडेआठ झालेले असतात, चहा-पोह्यांसह. फेब्रुवारीत मिलान-कोर्तिनाच्या हिवाळी ऑलिंपिकसाठी लीग काही दिवस थांबेल, तेव्हा गजर लावू नये. ज्यांना इतक्या पहाटे उठणे जमणार नाही त्यांनी एनएचएलच्या यूट्यूब वाहिनीवर सामन्याचे ठळक क्षण नाश्त्यानंतर पाहावेत. मात्र निकाल कळल्यावर मिसिसागाला फोन करण्याआधी येथील घड्याळ बघावे, आणि लीफ्स हरले असतील तर दुसरा दिवस उजाडू द्यावा.

बाकी सर्व क्षेम. बाबांनी मफलर वापरावा.

आपला,
चि.