गोठलेल्या सरबताची कैफियत

(रंगमंचावर जुने टेबल. त्यावर काटा, चमचा, गजराचे घड्याळ आणि लाल फडक्यात बांधलेले दफ्तर. उजवीकडे फ्रिज. काळी टोपी घातलेले सत्तरीचे निवृत्त अव्वल कारकून येतात, हजेरी घेतल्यासारखे सभागृहाकडे पाहतात आणि दफ्तराची गाठ सोडतात.)

तहसील कचेरीत चौतीस वर्षे इमानेइतबारे कारकुनी केल्यानंतर, ज्या वयात मनुष्याने काशीयात्रेचा किंवा निदान मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा, त्या वयात एका फ्रिजच्या वरच्या कप्प्याची दर अर्ध्या तासाने तपासणी करण्याची पाळी मजवर का आली, याची कैफियत आपणापुढे सादर करण्यासाठी मी उभा आहे.

प्रकरणाचा उगम वैद्यकीय आहे. गेल्या चैत्रात आमच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ततपासणीचा कागद प्रथम चष्म्यातून, मग चष्म्यावरून आणि शेवटी चष्मा काढून वाचला. आणि साय बंद, बासुंदी बंद, आइस्क्रीम बंद असे हुकूम एकामागून एक सुटू लागले. मी नम्रपणे विचारले, "फळ?" ते म्हणाले, "बेताने खा, हरकत नाही." आता ज्याने उभा जन्म ना-हरकत दाखल्यांवर शिक्के मारण्यात घालविला, त्याला या दोन शब्दांत केवढा विस्तीर्ण मुलूख दडलेला असतो, हे का कुणी सांगावयास हवे! फळ खावे, असे ते म्हणाले; ते किती अंश तापमानाला खावे, याविषयी आदेशात चकार शब्द नव्हता.

तेव्हा आमची नात म्हणाली, "आजोबा, मग सॉर्बे करा ना. नुसतं फळ, दूध नाही, क्रीम नाही." हा सॉर्बे कोण, म्हणून मी चौकशी केली, तर निघाला आपलाच सरबत! अरबी भाषेत 'पिणे' या धातूपासून जन्मला, फारशीच्या बोटाला धरून आपल्याकडे आला. आणि त्याचा दुसरा भाऊ तुर्कस्तानातून इटलीत आणि तेथून फ्रान्सात गेला, थंडीने गोठला, शेवटचे अक्षर अनुच्चारित ठेवण्यास शिकला, आणि आता कोट घालून आमच्याच दारात उभा राहून ओळखपत्र दाखवितो आहे.

सूनबाईंनी सॉर्बेचे यंत्र मागविण्याची सूचना मांडली. मी ती फेटाळली. (टोपी सारखी करीत) यंत्राची किंमत वाचूनच मला जी थंडी वाजली, तिच्यावर दोन किलो आंबा सहज गोठला असता.

शिवाय आमच्या लहानपणी यंत्र म्हणजे काय होते? लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा डबा, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ, वर गोणपाट, आणि दांडा फिरविण्यासाठी पहिल्या चमच्याच्या आमिषाने गोळा केलेली आळीतली पोरे. मीठ पडले की बर्फ वितळू लागतो, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता शेजारच्या डब्यातून वसूल करतो. ही वसुली इतकी कडक असते की प्रमाण साधले तर मिठाबर्फाचा काला उणे २१ अंशांपर्यंत उतरतो. आमच्या तालुक्यात एवढी वसुली एकाही मामलेदाराला साधली नाही. म्हणजे यंत्राची कामे दोनच: गारवा देणे आणि ढवळणे. पैकी गारवा आज फ्रिज देतो. राहता राहिले ढवळणे. आणि पोरे आता दांड्याला हात लावीत नाहीत.

(घड्याळाचा गजर. ते दचकतात, काटा घेऊन फ्रिज उघडतात, डबा काढून कडेचा थर खरवडून मध्यभागी आणतात.)

क्षमा असावी. घरी हा गजर अर्ध्या तासाने होतो. रंगभूमीवर पाच मिनिटांनी होतो, कारण नाट्यगृहाचे भाडे तासावर आहे. रस कडेने आधी गोठतो. त्याला तसाच सोडला तर बर्फाचे स्फटिक निवांतपणे वाढून जिभेला काचेसारखे लागतात. म्हणून ते लहान आहेत तोवरच काट्याने मोडावे लागतात. चार-पाच वेळा उठलात की काम झाले. यंत्रावाचून सॉर्बे करता येतो, असे जे म्हणतात, त्यांच्या वाक्यात यंत्र कोण आहे हे आता आपल्या ध्यानी आले असेल. (स्वतःला नमस्कार करतात.)

परंतु पहिला प्रयोग मी आपणापासून लपविणार नाही. डॉक्टरांच्या धाकाने मी कलिंगडाचा रस काढला, साखरेचा एक कण न घालता पसरट डब्यात ओतला, आणि रात्रभर उणे १८ अंशांच्या स्वाधीन करून सात्त्विक समाधानाने झोपी गेलो. सकाळी जे बाहेर आले, त्याचा रंग कलिंगडाचा होता, पण प्रकृती जांभ्या दगडाची! सुरी चालेना, चमचा वाकला, शेवटी वरवंटा आणला; आणि जो पदार्थ फोडण्यापूर्वी घरातल्यांना डोळे मिटून घ्या असे सांगावे लागते, त्याला मिष्टान्न म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने होईना.

कारण साधे आहे. कलिंगडात शंभर भागांत नव्वदांहून अधिक पाणी. ते पाणी गोठू लागले की साखर त्यातल्या काही भागावर मनाई हुकूम बजावते. स्फटिक बनतात, पण त्यांच्या मध्ये दाट पाक न गोठता शिल्लक राहतो, आणि चमचा आत शिरतो तो त्या पाकाच्या मेहेरबानीने. म्हणजे साखर येथे गोडीच्या पदावर नेमलेलीच नाही, तिची नेमणूक मऊपणाच्या खात्यात आहे! फळाची स्वतःची धरून एकंदर साखर वजनाच्या सुमारे चौथाई असावी लागते: कलिंगडाच्या किलोभर रसाला वरून पाव किलो; हापूस जातीचाच श्रीमंत, त्याला १५० ग्रॅम पुरे. वर एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. गोठण्यापूर्वी चव किंचित अधिक गोड लागली पाहिजे, कारण थंडीने जीभ बधिर होते आणि गोडीची तक्रार तिच्यापर्यंत अर्धीच पोचते.

वजनकाटा नसेल तर जुनी रुजुवात आहे: रसात धुतलेले, ताजे, कवचासकट अंडे सोडावे. साध्या पाण्यात ताजे अंडे तळ गाठते. साखर पुरेशी झाली की वर येऊन त्याचे टक्कल चार ते आठ आण्यांच्या नाण्याएवढे उघडे पडते. पैकी चार आणे २०११ सालीच चलनातून बाद झाले. माझ्या दफ्तरात मात्र चालू आहेत. ही रीत मी घरी वाचून दाखविली, तेव्हा ज्या स्वयंपाकघरात लसणालाही चातुर्मासात प्रवेश नाही, तेथे अंडे आंब्याच्या रसात न्हाणार, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी तोंडातून शब्दही न काढता देवघराचे दार लावून घेतले. मी वजनकाटा विकत आणला.

(विंगेकडे पाहत, आवाज उतरवून) मग हे आरोग्यदायी कसे, असा प्रश्न तिसऱ्या रांगेतल्या बाई विचारू पाहत आहेत. बाई, रोजकीर्द उघडी आहे. जमेला: साय नाही, रंग नाही, फळाचे आंबटगोड सारे शाबूत. नावे: साखर, आणि ती लपविण्याची सोय नाही. जो कोणी सॉर्बेची परात भरून आरोग्याचे नाव घेतो, तो खोटा दस्तऐवज करतो. लहान वाटी, आणि तीही रोज नव्हे. नात म्हणते, साखर अजिबात नको असेल तर पिकल्या केळ्याचे आणि आंब्याचे तुकडे कडक गोठवून मिक्सरमध्ये फिरवावेत, केळ्याच्या गराने आपोआप मऊपणा येतो. तिने केले, मी खाल्ले, उत्तम होते. पण पाच मिनिटांत झाले! ज्या कामात ना तारीख पडली, ना फेरतपासणी झाली, त्याच्यावर सरकारी मनुष्याचा विश्वास कसा बसावा?

(गजर. उठत उठत) बर्फावरून आठवले, १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्यास एका व्यापाऱ्याचा बर्फ भरून एक जहाज निघाले. निघताना बर्फ १८० टन होता, चार महिन्यांनी पोचला तेव्हा सुमारे १०० टन. ऐंशी टन वाटेत वितळला, आणि जगाने त्या व्यापाऱ्याला शाबासकी दिली! आमच्या गोदामात पोत्यामागे दोन शेर घट आली, तर उंदरांची जबानी घ्यावी लागे.

(फ्रिज उघडून डबा काढतात. थबकतात. डबा प्रेक्षकांकडे तिरपा करतात: तो अर्धा रिकामा आहे.)

मघाशी काठोकाठ होता. (वाकून निरखतात.) चमच्याच्या खुणा तीन प्रकारच्या: एक लहान, बहुधा नातीची, एक रुंद, सूनबाईंची, आणि ही तिसरी... (विंगेकडे पाहतात) ...देवघरातल्या पळीची.

(दफ्तर उघडतात, खिशातून पेन काढतात, उच्चार करीत लिहितात.) "मार्गातील नैसर्गिक घट." (सही करतात. इकडेतिकडे पाहून एक मोठा चमचा भरतात.) "आणि एक नमुना, तपासणीसाठी."

(चमचा तोंडाशी नेतात. विंगेतून स्त्रीचा आवाज: "अहो, साखरेची गोळी घेतलीत का?")

(चमचा तसाच तोंडात, मान होकारार्थी हलवीत) घेतो आहे!

(अंधार.)